धाकटीचं पाणी

शुक्रवारी साकिब जेवायला आला तो कुणाशी फारसं बोलायचं नाही असं ठरवूनच. दाराबाहेर बूट काढले तेव्हा मोज्यांतून वाळू सांडली. हाफिजाने ती पाहिली, मुकाट्याने केरसुणी घेतली आणि लोटून टाकली. वादी सिद्रातून पोरगा थेट इकडे आलाय, अल खुवैरच्या आपल्या घरी अंघोळीलाही थांबला नाही, एवढं तिला त्या वाळूवरून कळलं. चाळिशीच्या मुलाला आईने याहून जास्त काय विचारायचं?

त्याची बायको समरीन बारा वर्षांच्या अंबरीनला घेऊन आधीच येऊन बसली होती. मस्कतच्या अल हैल भागातल्या या घरात दर शुक्रवारी असेच सगळे जमत. सुरमईचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि ओट्याच्या कडेला झाकून ठेवलेली सांदणं. एरवी जेवताना एवढा गलका असायचा की हाफिजाच्या नवऱ्याला, जाफरला, बातम्या ऐकू यायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्याने स्वतःच टीव्ही बंद केला.

"रविवारी सही होणार," साकिब म्हणाला. "सरकारी खात्याचे लोक येतायत. फलजचं तोंड काँक्रीटने बंद, वरून रस्ता, आणि गावाला पाइपने समुद्राचं शुद्ध केलेलं पाणी. खलास."

"आणि बागा?" आफरीनने विचारलं.

"तू बोलूच नकोस."

आफरीनची मान खाली गेली. साकिबची धाकटी बहीण, इंडियन स्कूलमध्ये भूगोल शिकवणारी, वर्गात पन्नास पोरांना नजरेने गप्प करणारी. पण गेला महिनाभर ती भावापुढे अशी मान खाली घालत होती, आणि त्याला कारण होतं.

वादी सिद्रा हे रुस्ताकच्या पुढे डोंगराच्या कुशीतलं गाव. जाफरने तिथे चौतीस वर्षं किराणा दुकान चालवलं. साकिब आणि आफरीन तिथेच वाढले. गावाचं सगळं जगणं फलजवर. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातून बोगदा खणून गावात आणलेलं पाणी. हाफिजा त्याला पहिल्या दिवसापासून पाटच म्हणायची. बाणकोटच्या खाडीकाठी तिच्या बापाच्या पोफळीच्या बागेत असाच पाट होता, फक्त तो उघड्यावरून यायचा. चार वर्षांपूर्वीच्या वादळात वादीला, गावाजवळच्या एरवी कोरड्या नदीला, पूर आला, आणि पूर ओसरला तेव्हा फलजमध्ये करंगळीएवढी धार उरली. बोगदा वरपर्यंत साफ केला तरी पाणी वाढलं नाही. एवढं पाणी पूर्वी येत होतं ते कुठून, हेच कुणाला सांगता येईना. खजूर शेंड्यापासून वाळत चालले.

मग पुराच्या बंदोबस्ताचं आणि रस्त्याचं काम निघालं, आणि ज्या कंपनीला ते मिळालं तिच्यात साकिब इंजिनिअर. पाच वर्षं दुक्मला काढून तो नुकताच घराजवळ आला होता. आफरीनने अब्बांच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. जाफरने दुकानात बसून गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी, दगडांची, टेकड्यांची, वळणांची नावं, सगळं त्या वह्यांमध्ये मराठीत लिहून ठेवलं होतं, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेत तो तेवढंच लिहायला शिकला होता. त्यातल्या दोन बहिणींच्या गोष्टीवरून आफरीनने अंदाज बांधला की फलजला दुसरा एक फाटा आहे, समोरच्या उतारावरच्या उभ्या दगडाखालून येणारा. तिने भावाच्या मागे लकडा लावला. साकिबने मालकाला गळ घातली, तीन दिवस पोकलेन लावून तो उतार खणला. खाली निव्वळ खडक निघाला. मालकाने एवढंच सांगितलं, की आता एक दिवस जरी वाया गेला तर साकिबने बॅग भरावी. दुक्मला माणसं हवीच आहेत.

"तिला कशाला बोलतोस?" जाफर म्हणाला. "वह्या माझ्या आहेत."

"तुमच्या वह्यांनीच घात केला, अब्बा."

"साकिब," हाफिजा म्हणाली, "भाकरी थंड होते."

तिचा कौल मुलाच्या बाजूने होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात तिने नवऱ्यालाही सुनावलं होतं, आफरीनलाही. गाव जगावं असं तिला वाटत होतंच. पण गावासाठी आपला पोरगा पुन्हा पाचशे किलोमीटर लांब जावा, असं तिला वाटत नव्हतं.

जेवणं झाली. अंबरीनचा मराठीचा सराव हा शुक्रवारचा नेम. आजोबांनी एक वही द्यायची, तिने एक पान मोठ्याने वाचायचं. जाफरला विषय बदलायचा होता की वाढवायचा होता कोण जाणे, त्याने नेमकी तीच वही तिच्या हातात दिली. साकिबने कपाळाला आठ्या घातल्या, पण लेकीला अडवलं नाही.

अंबरीन एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. "दु... दुष्काळात म्हाताऱ्याच्या दोन मुली पाणी आणायला डोंगरात गेल्या. थोरली बापाने सांगितलेल्या वाटेने गेली आणि सं... संध्याकाळी पाणी घेऊन परत आली. धाकटीने ऐकलं नाही. ती दुसऱ्या वाटेने गेली. दादा, व्हॉट इज शासन?" तिने आजोबांना विचारलं.

"शिक्षा," जाफर म्हणाला.

"म्हणून अल्लाने तिला शासन केलं. समोरच्या उतारावर तिचा दगड झाला."

"हे कुठलं?" हाफिजा म्हणाली.

ती ताटं उचलत होती, ती तशीच थांबली.

"गावातल्या खलफानच्या वडिलांनी सांगितलेलं," जाफर म्हणाला. "आणि इतर तिघांनी."

"धाकटीचा दगड झालाच नाय. असं कोण म्हणतं? ती तर..."

समरीनने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्या पाहण्यात एवढी विनवणी होती की हाफिजाने ताटं उचलली आणि ती आत गेली.

समरीन तिच्या मागोमाग आलीच. तिने नळ मोठा सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

"अम्मी, आता नवीन काही काढू नका. तुमच्या पाया पडते."

"अगो, मी काय काढलंय?"

"अंबरीन तिसरीत होती तेव्हा शाळेत निबंध होता, माझे वडील. तिने लिहिलं होतं, माय फादर लिव्ह्ज इन द फोन. टीचरने मला बोलावून दाखवला. तो कागद मी साकिबलासुद्धा दाखवला नाही अजून." समरीनचा आवाज चढला नाही, पण हातातली थाळी ती दुसऱ्यांदा घासत होती. "गोष्ट अशी होती की तशी होती, आता काय फरक पडतो? रविवारी सही झाली की सुटलो आपण."

हाफिजाने तिच्या हातून थाळी काढून घेतली. "जा, पड जरा," ती म्हणाली.

पण स्वतः ती पडली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली आणि कितीतरी वर्षांनी तिला रय्या दिसली.

बाविसाव्या वर्षी ती त्या गावात आली तेव्हा साकिब सहा महिन्यांचा होता. जाफर दुकानात, आणि घरात तिच्याशी बोलायला भिंती. चौथ्या दिवशी शेजारची रय्या दारात आली, काहीतरी बोलली, हाफिजाला एक अक्षर कळलं नाही. रय्याने तिच्या कडेवरचं मूल स्वतःच्या कडेवर घेतलं, तिच्या डोक्यावर धुण्याचं गाठोडं ठेवलं आणि हाताला धरून तिला पाण्यावर नेलं. हाफिजाची अरबी तिथे पाण्यावर झाली, धुणं धुता धुता. पुरुष त्या वेळी तिकडे फिरकत नसत. तिथे ज्या गोष्टी चालत त्या गोष्टी आहेत, कुणी लिहून घ्याव्यात अशा आहेत, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. जाफरच्या वहीत तेच असणार, असंच ती धरून चालली होती. वह्या तिने कधी उघडल्या नाहीत. आणि त्याने कधी तिला विचारलं नाही.

आता सांगावं, तर पोरगा दुक्मला जाईल. न सांगावं, तर? तर काही नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही. रय्या जाऊन अकरा वर्षं झाली, तिच्या नाती गाव सोडून मस्कतला आलेल्या. त्या पाण्यावरच्या बायकांपैकी आज कोण उरलंय? हाफिजाने बोटांवर मोजून पाहिलं. दुसऱ्या बोटावरच ती थांबली.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर तिने चहा बाहेर नेला आणि सगळ्यांच्या हातात कप गेल्यावर स्वतः खाली सतरंजीवर बसली.

"ऐका. मला एकदाच सांगायचंय, मध्ये कुणी बोलू नका."

समरीनने डोळे मिटून घेतले.

"बायकांमध्ये गोष्ट वेगळी होती. थोरली बापाच्या वाटेने गेली, पाणी घेऊन आली, इथपर्यंत ठीक. पण ते पाणी थोडं होतं. गावाला पुरलं नसतं. धाकटी आडवाटेने गेली ती तिला जास्त पाणी सापडलं म्हणून. ते घेऊन ती खालून आली, जमिनीच्या आतून, थोरलीच्या पायाखाली. आणि बोरीच्या झाडाजवळ तिने वर हात केला नि थोरलीचा हात धरला. मरून-बिरून गेली नाय ती. ती तिथेच आहे. त्या बोरीखाली पोरांना उड्या मारू देत नसत, धाकटी झोपलीय म्हणायचे. आणि दगडावर दगड आपटला ना, तर खालून आवाज यायचा. मी ऐकलाय. साकिब, तू माझ्या कडेवर होतास."

तिने ओढणी सारखी केली.

"गाणं होतं त्याचं. कपडे पिळताना म्हणायचे. अरबीत आहे, मराठीत असं होईल." तिने जरा आठवलं. "बुरुजाचं दार पाठीशी, खिंड डोळ्यांपुढे, धाकटे गो धाकटे, थोरलीचा हात सोडू नको."

जाफर आपल्या कपाकडे बघत होता. "रय्याने मला कधी हे सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी तिला दोनदा विचारलं होतं."

"तुम्ही गल्ल्यावर बसून विचारलंत. परक्या पुरुषाला ती काय सांगणार? आम्ही पाण्यावर बसायचो."

"तू तरी सांगायचंस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

जाफरचा चेहरा पडला. हाफिजाला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"ती बोर पुरात वाहून गेली, अम्मी," साकिब म्हणाला. "तिथे आज आमच्या खडीचा ढीग आहे. चारशे ट्रक खडी. आणि गाण्यावर पोकलेन चालत नाही. एकदा चालवून बघितला ना?"

"आफरीन," हाफिजा म्हणाली, "तू का गप्प?"

"मी एकदा चुकलेय, अम्मी."

"तू चुकली नाहीस. तुला अर्धीच गोष्ट मिळाली होती."

आफरीनने भावाकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "भाई, लॅपटॉप आणलायस?"

साकिब जागचा हलला नाही. अंबरीनच उठली आणि बापाची बॅग घेऊन आली. आफरीनने वादी सिद्राचं उपग्रहचित्र उघडलं. गावच्या जुन्या बुरुजावर एक टिंब, वरच्या डोंगरखिंडीवर एक टिंब, मधे सरळ रेघ. रेघ खडीच्या ढिगावरून गेली आणि तिथेच खालच्या जुन्या बोगद्याला छेदून पुढे निघाली. साकिब लांबून बघत होता. मग तो पुढे वाकला.

"कितव्या तोंडापाशी छेदते?"

"चौथ्या."

बोगद्यात उतरायला आणि हवेसाठी वरून खणलेल्या विहिरींना ते तोंडं म्हणत. साकिबने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, एक फाइल उघडली आणि बराच वेळ वाचत राहिला.

"चौथ्या तोंडापाशी बोगदा उगाचच दुप्पट रुंद होतो," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "उजवीकडची भिंत सगळी दरडीच्या मातीची. सर्व्हेवाल्याने लिहिलंय, कारण समजत नाही. मी तीनदा वाचलंय हे."

"तिथे हात धरलाय," अंबरीन म्हणाली.

साकिब उठून गॅलरीत गेला. आतून सगळ्यांना त्याची पाठ दिसत होती. समरीन उठली, त्याच्याजवळ गेली. काय बोलणं झालं ते कुणाला ऐकू आलं नाही. पण आत आल्यावर समरीनच आधी बोलली.

"उद्या जायचंय. मीपण येणार. दुक्मला जायचं ठरलं तर ते मला फोनवर नाही ऐकायचं."

उजाडताना दोन गाड्या निघाल्या. साकिबने वाटेतूनच मालकाला फोन लावला आणि काही लपवलं नाही: कागद नाही, पुरावा नाही, आईने सांगितलेली गोष्ट आहे आणि बोगद्याची एक भिंत आहे. मग मालक म्हणाला, "आज शनिवार, सुट्टी. मशीन उभंच आहे. दुपारच्या अजानपर्यंत तुझं. त्यानंतर तू आणि दुक्म."

"इन्शाल्ला, अर्बाब."

गावाच्या पाण्याचा कारभारी खलफान ढिगाजवळ आधीच येऊन थांबला होता. कुणाच्या बागेला कधी आणि किती वेळ पाणी, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्याने ठरवायचं. चार वर्षांत त्याच्याकडे ठरवायला काही उरलं नव्हतं. त्याने जाफरला मिठी मारली, हाफिजाला छातीवर हात ठेवून सलाम केला. गावात तिला उम्म साकिब, म्हणजे साकिबची आई, म्हणत.

"उम्म साकिब, माझ्या बापाने सांगितलेलं खोटं ठरवायला आलीस म्हणे."

"खोटं नव्हे," हाफिजा म्हणाली. "अपुरं."

खलफान हसला नाही, पण त्याने वाट सोडली.

पोकलेन चालवणारा धनंजय चिपळूणकडचा. सुट्टी मोडून आला होता तरी कुरकुर नव्हती. साडेसहाला त्याने पहिलं बकेट मारलं. आठ वाजले, नऊ वाजले. खडी सरकत गेली, खाली पुराने आणलेला गाळ लागला. आफरीन हातातल्या नकाशावर बघून खुणा करत होती. गावातले लोक येऊन उभे राहिले. साडेदहाला मशीन मूळ जमिनीपर्यंत पोचलं. तांबूस, घट्ट, सरसकट माती. धनंजयने पाच ठिकाणी टोचून पाहिलं. सगळीकडे तीच.

"साहेब, काही नाही इथे," तो म्हणाला.

साकिबने घड्याळ पाहिलं. समरीनने पाहिलं नाही. ती अंबरीनचा हात घट्ट धरून उभी होती. गर्दीतून कुणीतरी अरबीत म्हणालं, पुन्हा तेच, आणि दोघे-तिघे परत फिरले. आफरीन रडायच्या बेतात होती.

हाफिजा उठली. खड्ड्याच्या काठाशी गेली, आणि बुरुजाकडे पाठ करून उभी राहिली. खिंड बरोबर समोर होती. तरी काहीतरी अडत होतं. तिने पुन्हा गाणं म्हणून पाहिलं, ओठांतल्या ओठांत, अरबीत, जसं पाण्यावर म्हणत तसं. दुसऱ्यांदा म्हणताना ती एका शब्दापाशी थांबली.

"आफरीन, तू रेघ कुठून मारलीस?"

"बुरुजावरून."

"बुरुजाच्या कुठून?"

"मध्यातून. सेंटरमधून."

"अगो, गाण्यात दार आहे! बुरुजाचं दार पाठीशी." ती वळली. बुरुजाचं दार इथून खडीच्या ढिगाआड होतं. ते खिंडीच्याच अंगाला होतं, पण मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं. "धनंजय, ते मशीन जरा बंद कर रे बाबा. मला आवाज नको."

मशीन थांबलं. हाफिजा बुरुजापर्यंत चालत गेली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, ऊन डोक्यावर; तिच्याबरोबर जायला जाफर निघाला, तिने हातानेच त्याला थांबवलं. ती दाराशी गेली. दाराला पाठ लावून तिने खिंड बघितली. मग त्या खिंडीवरून नजर न काढता सरळ चालत आली. वाटेत दगड होते, तिने ते ओलांडले. खणलेल्या खड्ड्याच्या डावीकडून ती चौदा पावलं लांब गेली, जिथे खडी अजून तशीच होती. तिथे थांबली.

"इथे," ती म्हणाली.

साकिब धावत आला. आईने जिथे पाय ठेवले होते तिथे त्याने दगडाने फुली मारली. त्याने तिला "नक्की ना?" असं विचारलं नाही. ते हाफिजाच्या लक्षात आलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बकेटचे दात कशाला तरी लागले आणि असा आवाज झाला की धनंजयने आपणहून मशीन बंद केलं. साकिब, खलफान आणि चार माणसं खाली उतरली. फावड्यांनी माती ओढली. खाली घडवलेली दगडी शिळा होती. चुन्याने सांधे भरलेली, एवढी मोठी की दोन माणसं तिच्यावर आडवी निजली असती. खलफानने गुडघे टेकून तिच्यावर हात फिरवला, एक धोंडा उचलला आणि शिळेवर हलकेच आपटला.

खालून आवाज आला. खोल, लांबत गेलेला.

शिळेचा कोपरा पहारींनी उचलला तेव्हा आतून गार हवा वर आली. वरच्या काठावर उभ्या असलेल्या हाफिजाच्या चेहऱ्यापर्यंत ती पोचली. साकिब पोटावर निजला, डोकं आत घातलं आणि तसाच पडून राहिला.

"भाई?" आफरीन ओरडली. "काय आहे? भाई!"

त्याने डोकं बाहेर काढलं. कपाळाला, भुवयांना माती. "पाणी वाहतंय," तो म्हणाला. अरबीत नाही, हिंदीत नाही, मराठीत म्हणाला. "अम्मी, पाणी वाहतंय खाली!"

मग जो गोंधळ झाला त्याचं वर्णन पुढे अंबरीनच सगळ्यांना करून दाखवायची. खलफानने आपली काठी हवेत फेकली आणि ती समरीनच्या पायाशी पडली. समरीन, जी घरात मोठ्याने हसतसुद्धा नसे, तिने सगळ्या गावासमोर नवऱ्याच्या चेहऱ्यावरची माती आपल्या ओढणीने पुसली. दुपारची अजान झाली तेव्हा साकिब फोनवर मालकाला फक्त फोटो पाठवत होता. उत्तर आलं ते एकाच शब्दाचं: यल्ला, म्हणजे चला, लागा कामाला.

रविवारी खात्याचे लोक आले, सहीचा कागद घेऊनच आले. त्यांच्यातला वयस्कर इंजिनिअर शिडीवरून आत उतरला, पाऊण तासाने वर आला आणि कागद त्याने पुन्हा फाइलमध्ये घातला. धाकटीचा फाटा धडधाकट होता. पुरात त्याच्या मुखाशी दरड कोसळली होती, म्हणून तिचं पाणी थोरलीत न येता खडकाच्या फटींतून वाया जात होतं. बोगद्यातलं काम जाणणारी माणसं आणली, त्यांनी अकरा दिवस दरड उपसली. साकिबने तेवढ्यात रस्त्याची आखणी बदलून दिली. रस्ता चौथ्या तोंडाला वळसा घालून जाईल, असा नकाशा त्याने आणि आफरीनने एका टेबलावर बसून काढला. मालकाने त्याला दुक्मला नाही पाठवलं. उलट पुढच्या वादीचं काम दिलं, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायकांशी आधी बोलून घे, असं बजावलं.

बाराव्या दिवशी पाणी गावात आलं.

पाण्याच्या आधी आवाज आला, बोगद्याच्या तोंडातून. मग गढूळ पाणी, मग फेस, मग स्वच्छ पाणी, पाट भरून. बायकांनी जिभा हलवून असा जल्लोष केला की डोंगरावरून तो परत ऐकू आला. म्हातारे उभे राहून रडत होते. मस्कतहून, सोहारहून आलेली तरुण माणसं कपड्यांनिशी पाटात उतरली होती. जाफर पाटाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी पाणी तोंडावर मारत होता, पुन्हा पुन्हा.

पाट जिथे फुटून बागांकडे जातो तिथे सगळी दारं दगड आणि चिंध्यांनी बुजवलेली होती. पहिली पाळी कुणाची, यावर पुरुषांमध्ये बोलणी सुरू झाली. वरच्या बागांचे मालक म्हणाले, रीत आहे, वरून खाली. कुणी म्हणालं, मोठ्या बागा आधी. आवाज चढू लागले. खलफानने काठी आपटली.

"चार वर्षं पाळी ठरवायला पाणी नव्हतं," तो म्हणाला. "आज आहे, ते जिच्यामुळे आहे ती इथे उभी आहे. पहिली पाळी उम्म साकिब ठरवेल."

सगळे वळले. हाफिजाला वाटलं जाफर काही बोलेल, साकिब बोलेल. पण ते सगळे तिच्याकडेच बघत होते.

तिला पाटावरची भांडणं लहानपणापासून माहीत होती. वरच्यांचं भागतं, टोकाला असतो तो हाक मारत बसतो, आणि त्याच्यापर्यंत पोचता पोचता पाणी संपतं.

"आधी शेवटच्या बागेला," ती म्हणाली. "टोकाला. तिथून वर या."

कुजबुज झाली. वरच्या बागेचा एक मालक पुढे होऊन काही सांगू लागला.

"खलास," खलफान म्हणाला. "ठरलं."

हाफिजाने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पाटात उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं, आणि गार. तिने वाकून टोकाच्या दाराचा दगड दोन्ही हातांनी ओढला. तो हलेना. आफरीन उतरली, समरीन उतरली. तिघींनी मिळून ओढला तेव्हा निघाला. पाणी क्षणभर थबकलं आणि मग त्या कोरड्या, भेगाळलेल्या पाटातून धावत सुटलं, समोरची वाळलेली पानं, काटक्या, चार वर्षांची धूळ ढकलत.

हाफिजा त्याच्या बाजूने चालू लागली, मग भरभर चालू लागली. मागून साऱ्या बायका. शेवटची बाग एका विधवेची होती, सहा खजूर आणि एक लिंबाचं झाड. ती बाई वर आलीच नव्हती. आपल्यापर्यंत आज पाणी येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती लिंबाखाली बसून झाप विणत होती. आवाज ऐकून तिने मान वर केली, तोवर पाणी तिच्या पहिल्या खजुराच्या आळ्यात शिरलं होतं आणि गोल फिरत, फेसाळत, भराभर वर चढत होतं.